निदानरेषा

‘पण एक्स-रे तर नॉर्मल आलाय ना, मॅडम?’

दादरला मी ज्या सेंटरमध्ये काम करते तिथे हे वाक्य दिवसातून चार-पाच वेळा तरी कानावर येतं. विचारणारा कधी शिवाजी पार्कवर बॉलिंग टाकणारा मुलगा असतो, कधी त्याच्याबरोबर आलेली आई, कधी पन्नाशीत पळायला लागलेले बँकेतले साहेब. पायाला क्रेप बँडेज, हातात मोठं पाकीट, आणि चेहऱ्यावर एक अपराधी भाव. एक्स-रेत काही नाही म्हणजे आपणच बहुतेक बाऊ करतोय, असा. मी रेडिओग्राफर आहे. मशीनवर माणसाला नीट झोपवायचं आणि त्याच्या आतलं स्वच्छ चित्र काढायचं, हे माझं काम. या कामाला बावीस वर्षं झाली, पण त्या चेहऱ्याची सवय मला अजून झालेली नाही. तो मी आधी आमच्या घरात पाहिला होता. आप्पांचा.

आप्पा गिरणीच्या संघातून कबड्डी खेळायचे. डावा कोपरा सांभाळायचे. घोटा धरण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, असं आजही चाळीतली म्हातारी माणसं सांगतात. १९८१ च्या थंडीत, नायगावच्या एका प्रकाशझोतातल्या सामन्यात, त्यांनी चढाईपटूचा घोटा धरला, तो ओढत निघाला, साखळीतला आपलाच गडी वरून पडला आणि आप्पांचा डावा पाय जमिनीत रोवलेला असताना अंग वळलं. ‘काडकन आवाज झाला,’ आप्पा सांगतात, ‘मला वाटलं मंडपाचा बांबू मोडला.’

रात्रीपर्यंत गुडघा नारळाएवढा झाला. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात नेलं, एक्स-रे काढला. हाड शाबूत आहे, नॉर्मल आहे, घरी जा. मग हळद-तुरटीचा लेप झाला, मालीशवाला झाला. महिनाभराने सूज उतरली तशी आप्पा पुन्हा मैदानात उतरले, आणि दुसऱ्याच दिवशी पळता पळता वळताना गुडघा सुटला. पुन्हा पंधरा दिवस विश्रांती, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळेला संघातलेच लोक बोलायला लागले. घाबरला. निमित्त काढतो. एक्स-रे तर चांगला आहे याचा.

खेळाडू म्हणून गिरणीत जी थोडी सवलत होती ती गेली. साचेखात्यात पूर्ण पाळी उभं राहून काम सुरू झालं. पुढे १८ जानेवारी १९८२ ला संप झाला, आणि मग तर गिरणीच राहिली नाही, गुडघ्याचं कोण विचारतो. मी तेव्हा पाळण्यात होते. माझ्या आठवणीतले आप्पा रात्रपाळीचे वॉचमन आहेत, आणि चाळीचा लाकडी जिना आडवे होऊन उतरतात. एक हात कठड्याला, आधी डावा पाय खालच्या पायरीवर, मग उजवा त्याच्या शेजारी. दोन ठोके, थोडं थांबणं, दोन ठोके. त्या आवाजावरून आम्हाला कळायचं आप्पा निघाले. खाली अंगणात पोरं कबड्डी खेळत असली की ते तिकडे न बघता जायचे.

मी या क्षेत्रात आले तेव्हा पहिल्या वर्षीच्या एका तासाला मास्तरांनी एक्स-रेची गोष्ट सांगितली. ८ नोव्हेंबर १८९५ ला जर्मनीत राँटगेनना हे किरण सापडले. डिसेंबरात त्यांनी बायकोचा हात प्लेटवर ठेवून चित्र घेतलं. त्यात बोटांची हाडं आहेत आणि बोटातली अंगठी आहे. वर्ग त्या अंगठीकडे बघत होता आणि मी बघत होते ते तिच्या आजूबाजूला. ती बोटं ज्यांच्यामुळे मिटतात-उघडतात ते स्नायुबंध, सांधे धरून ठेवणारी लिगामेंट्स, यातलं तिथे काहीच नव्हतं. हाडातलं कॅल्शियम किरण अडवतं म्हणून हाड उमटतं. बाकी सगळं किरणांना जवळजवळ सारखंच पार करू देतं, म्हणून ते सगळं एकाच करड्या सावलीत मिसळून जातं. गुडघ्यातलं लिगामेंट शाबूत असो की तुटून लोंबत असो, प्लेटवर फरक पडत नाही. त्या दिवशी घरी येताना ट्रेनमध्ये मला रडू आलं. आप्पांचा एक्स-रे नॉर्मल होता. आप्पांचा गुडघा नॉर्मल आहे असं त्या प्लेटने कधी म्हटलंच नव्हतं. तसं माणसांनी ऐकलं.

एमआरआयचं मशीन मला आवडतं ते याच कारणासाठी. ते पाणी बघतं. आपल्या शरीरभर पाणी आणि चरबी आहे, त्यात हायड्रोजन आहे. १.५ टेस्लाचं चुंबक म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साधारण ३०,००० पट. त्यात माणूस झोपला की त्याच्या अंगातल्या हायड्रोजनच्या केंद्रकांना एक दिशा मिळते. रेडिओ लहरींनी त्यांना जरा ढकलायचं, ती परत जागेवर येताना जो बारीक संदेश देतात तो पकडायचा. त्यातून चित्र. दुखापत झाली की तिथे सूज येते, आणि सूज म्हणजे पाणी. योग्य पद्धतीने चित्र घेतलं तर ते पाणी पांढरं चमकतं. दुखतं कुठे, हे त्या माणसाच्या बोटाने दाखवलेल्या जागीच पांढरं उमटलेलं मी हजारदा पाहिलंय, आणि दर वेळी मला बरं वाटतं. खोटं बोलत नव्हता बिचारा.

आत यायच्या आधी मी सगळं काढून घेते. घड्याळ, कडं, केसांच्या पिना, कंबरेच्या करगोट्यातला ताईत, ब्लाउजला लावलेली सेफ्टी पिन. लोक कंटाळतात. मी ऐकत नाही. हे चुंबक रात्रंदिवस चालू असतं, स्कॅन चालू नसतानाही. जानेवारी २०१८ मध्ये आपल्या मुंबईतच, ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेलेला एक तरुण नातेवाईक सिलिंडरसकट मशीनकडे खेचला गेला आणि जिवाला मुकला. त्या आठवड्यात मी दाराशी उभी राहिले की माझे हात थंड पडायचे.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो पोरांसाठी. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल इथून पंधरा-सोळा वर्षांचे फास्ट बॉलर येतात. कंबर दुखते. उजव्या हाताने टाकणारा असेल तर बहुतेक वेळा डावी बाजू. बॉल सोडताना पाठ एकाच वेळी मागे वाकते, वळते आणि एका अंगाला झुकते, आणि मणक्याच्या मागच्या कमानीतल्या हाडाच्या बारीक पुलावर तो सगळा भार येतो. दिवसाला साठ-सत्तर बॉल, आठवड्यात दोन संघ, शाळेची शिल्ड, क्लबचा सामना, वर अकादमीचं नेट. एकाच जागी वाकवत राहिली की तार जशी आतून थकते, तसं ते हाड थकतं. एमआरआयवर आधी तिथे हाडाच्या मगजात पाणी दिसतं, तडा जायच्याही आधी. त्या वेळी थांबलं तर काही महिन्यांत हाड पूर्ववत होतं. एक्स-रेत दिसेपर्यंत वाट बघितली तर तडा पक्का होऊन बसतो. २०१९ मध्ये जसप्रीत बुमराचं पाठीतलं स्ट्रेस फ्रॅक्चर नेहमीच्या तपासणीच्या स्कॅनमध्ये सापडलं. ती नेहमीची तपासणी त्याला मिळते, मैदानावरच्या पोराला मिळत नाही. त्याच्यासाठी एमआरआय म्हणजे हजारोंचा खर्च, किंवा मग सरकारी-महापालिकेच्या रुग्णालयातली तारीख, आणि तारखेपर्यंत पोरगं खेळत राहतं.

गेल्या पावसाळ्याआधी एक आई अशीच मुलाला घेऊन आली होती. डोंबिवलीहून. ‘सर म्हणतात, सिलेक्शनपर्यंत पेनकिलर घे आणि खेळ,’ ती म्हणाली, आणि मला विचारायला लागली की ताई, थांबवू का? मला त्यातलं काही सांगायचा अधिकार नाही. मी म्हटलं, ‘रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनाच विचारा, आणि तोवर त्याला बॉल हातात देऊ नका.’ हे दुसरं वाक्यही बोलायला नको होतं खरं तर. मी बोलले.

शिरा, स्नायू, टाचेचा अकिलीस टेंडन यांच्यासाठी सोनोग्राफी फार चांगली. स्वस्त आहे, आणि पाय हलवत हलवत बघता येतं, जे एमआरआयच्या बोगद्यात जमत नाही. परदेशात खेळाच्या मैदानाशेजारी छोटं मशीन घेऊन बसतात म्हणे लोक. आपल्याकडे तसं सहज नेता येत नाही, कारण गर्भलिंग तपासणीविरुद्धचा कायदा. १९८८ ला देशात सगळ्यात आधी तो महाराष्ट्राने केला, १९९४ ला केंद्राचा आला. प्रत्येक मशीनची नोंद, प्रत्येक जागेची नोंद. मांडीचा स्नायू फाटलेल्या मुलालाही ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ या पाटीखालीच बसावं लागतं. खेळाडूंची गैरसोय होते हे खरं. पण ज्या मुली जन्माला येऊ शकल्या नाहीत त्यांची संख्या आठवली की मला त्या पाटीबद्दल तक्रार करवत नाही. मुली खेळायला मैदानात उतरायच्या तर आधी जगात यायला हव्यात.

आमची उतरली. माझ्या मोठ्या बहिणीची मुलगी, सतरा वर्षांची, चढाईपटू. आप्पांनी तिला खेळायला सांगितलं नव्हतं, नको असंही म्हटलं नव्हतं. तिचे सामने बघायला ते कधी गेले नाहीत. पण ती घरी आली की पायाची ठेवण कशी असावी ते खाटेवर बसूनच सांगायचे. कबड्डीत एक रेषा असते, निदानरेषा. पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर, बायकांच्या ३ मीटरवर. चढाईला गेलेल्याने परतण्याआधी निदान ती तरी ओलांडलीच पाहिजे, म्हणून निदानरेषा. लहानपणी मला वाटायचं हिचा डॉक्टरांच्या निदानाशी काहीतरी संबंध असणार. शब्द तोच, अर्थ वेगळा. पण मी रोज जे काम करते त्यात मला तो पहिला अर्थही ऐकू येतो. निदान एवढं तरी करा. निदान हात तरी लावून बघा.

नोव्हेंबरात भाची निदानरेषा ओलांडून, बोनस घेऊन परत फिरत होती. कुणी धरलं नव्हतं, कुणाचा धक्का नव्हता. मॅटवर बूट रुतला, पाय तिथेच राहिला आणि ती वळली. कट्ट. हे असंच होतं; गुडघ्यातलं पुढचं लिगामेंट बरेचदा कुणी न शिवताच जातं, आणि मुलांपेक्षा मुलींचं जास्त जातं. गावी स्पर्धेला गेली होती, मला कळलं उशिरा. तिथल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, नॉर्मल आहे, मुका मार आहे, आठ दिवस पट्टी बांध म्हणाले. तीन आठवड्यांनी ती आमच्याकडे आली. जिना चढून वर आली तेव्हा मी पोळ्या करत होते. बाहेर आप्पांचा आवाज आला, ‘थांब. परत उतर बघू.’ तिने विचारलं का, ते म्हणाले, ‘उतर म्हणतो ना.’ ती उतरली, एक हात कठड्याला धरून, आडवी. दोन ठोके, थांबणं, दोन ठोके. मी गॅस बंद केला.

‘हिचा एक्स-रे काय आला?’ आप्पांनी मला विचारलं.

‘नॉर्मल.’

ते काही बोलले नाहीत. आत गेले.

दोन दिवसांनी आम्ही तिला खेळाच्या दुखापती बघणाऱ्या हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी तिचं सगळं ऐकून घेतलं, आवाज झाला का, सूज किती तासांत आली, जिन्यावर काय होतं. मग गुडघा जरा वाकवला, एका हाताने मांडी धरली, दुसऱ्याने पोटरी, आणि नडगी पुढे ओढली. चांगल्या पायाची ओढली तेव्हा ती थोडी येऊन टक्कन थांबली. दुखऱ्या पायाची येतच राहिली, तिला शेवट लागेना. अर्ध्या मिनिटाचं काम. ‘एमआरआय करू,’ ते म्हणाले, ‘सांध्यातल्या गादीचं काय झालंय ते बघायला हवं.’ म्हणजे लिगामेंटचं त्यांच्या हातांना कळलं होतं.

स्कॅन मीच केला. दुसऱ्या कुणाला करू द्यायला हवा होता, पण तिने माझाच हात धरला. गुडघ्याभोवती पिंजऱ्यासारखी कॉइल बसवली, फटींत स्पंज भरले, कानात बोळे दिले, हातात रबरी बल्ब दिला. ‘घाबरलीस तर दाब. आवाज मोठा येईल, लोहाराच्या भात्याशेजारी झोपल्यासारखा. हलायचं मात्र नाही, राणी.’ दार बंद केलं आणि काचेपलीकडे येऊन बसले.

चित्रं एकेक करून येतात, साडेतीन-चार मिलिमीटरच्या कापांची, जसे काकडीचे काप. एका बाजूने सुरुवात होते. तिसऱ्या-चौथ्या कापालाच मला दिसलं. मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या गोलाव्यात एक पांढरा ढग, आणि नडगीच्या हाडाच्या मागच्या कडेला दुसरा. नडगी क्षणभर पुढे सटकते तेव्हा ही दोन हाडं जिथे एकमेकांवर आपटतात, नेमकी तीच जागा. हाड मोडलेलं नसतं, आतून ठेचलेलं असतं, म्हणून एक्स-रेत यायचा प्रश्नच नाही. तीन आठवडे होऊन गेले होते तरी ते दोन ढग तसेच होते. तिच्या पडण्याची सगळी हकीकत त्या दोन ठिकाणी लिहिलेली होती. मग काप मध्यावर आले. मागचं लिगामेंट जागेवर होतं, छत्रीच्या मुठीसारखा बाक घेऊन, काळंभोर. त्याच्या पुढे एक तिरकी, ताणलेल्या दोरीसारखी काळी पट्टी दिसायला हवी. तिथे दोरी नव्हती. करडा-पांढरा धूर होता. मी पुढचा काप बघितला, त्याच्या पुढचा बघितला, जणू कुठल्या तरी कापात ती सापडेल. दोन्ही बाजूंच्या गाद्या मात्र नीट दिसत होत्या, काळ्या त्रिकोणांसारख्या, निदान मला तरी. मी देवाचं नाव घेतलं.

‘मावशी, दिसलं का काही?’ बाहेर आल्या आल्या तिने विचारलं.

आमच्या कामात हाच सगळ्यात अवघड क्षण. चित्र आम्ही काढतो, वाचायचं रेडिओलॉजिस्टने. हा नियम मला पटतो. मला धूर दिसला तरी त्या धुराचं वजन किती, ते सांगायला मी शिकलेले नाही. पन्नाशीपुढच्या, गुडघा कधीही न दुखलेल्या माणसाच्या स्कॅनमध्येही गादी फाटलेली निघते. चित्रात दिसतं ते सगळंच दुखत नसतं. त्यासाठी चित्र आणि माणूस दोन्ही समोर ठेवून बघणारा हवा. ‘डॉक्टर बघतील गं,’ मी म्हटलं आणि तिच्या केसांच्या पिना तिच्या हातात मोजून दिल्या. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि पिना लावायला घेतल्या. नंतर कळलं, तिला तेव्हाच समजलं होतं.

रिपोर्ट आला. एसीएल, म्हणजे ते पुढचं लिगामेंट, पूर्ण तुटलेलं; गाद्या शाबूत. ऑपरेशन, मांडीमागच्या स्नायूचा स्नायुबंध काढून नवं लिगामेंट, आणि मैदानावर परतायला निदान नऊ महिने. घरात तो कागद मी मोठ्याने वाचून दाखवला. बहीण रडली. भाची म्हणाली, ‘म्हणजे मी नाटक करत नव्हते.’ तिच्याही संघात कुणीतरी तसं म्हटलं होतं, ते आम्हाला त्या दिवशी कळलं.

आप्पा आतून एक पाकीट घेऊन आले. तपकिरी, कडा कुरतडलेल्या, ट्रंकेतल्या डांबराच्या गोळ्यांचा वास. मी ते उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. ‘हेही बघून ठेव,’ ते म्हणाले, ‘तुझं तेच काम ना.’

दुसऱ्या दिवशी मी ती प्लेट सेंटरवर नेली. आता सगळं कॉम्प्युटरवर असतं, पण डॉक्टरांच्या खोलीत एक जुनी दिव्याची पेटी अजून आहे. प्लेट पिवळी पडली होती, एका कोपऱ्यात कागद चिकटून बसला होता. एकोणतीस वर्षांच्या आप्पांचा गुडघा. सांध्यातली फट सुंदर, हाडांच्या कडा गुळगुळीत. आज त्या गुडघ्यात फटच उरलेली नाही. सुटा गुडघा घेऊन चाळीसहून जास्त वर्षं चाललं की गादी आणि कूर्चा झिजून जाते. मी बघत राहिले. मग नडगीच्या हाडाच्या बाहेरच्या अंगाला, सांध्याच्या जरा खाली, मला एक कण दिसला. तांदळाच्या कणीएवढा. हाडापासून सुटलेला, बारीक कमानीसारखा.

मी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी भिंग घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, ‘सेगॉन्ड.’ पॉल सेगॉन्ड नावाच्या फ्रेंच सर्जनने १८७९ मध्ये, एक्स-रे सापडायच्या सोळा वर्षं आधी, शवांचे गुडघे पिळून ही जागा वर्णन करून ठेवली होती. गुडघा आत वळताना हाडाची एवढीशी कपची निघते. ती दिसली तर बहुतेक वेळा आतलं एसीएल गेलेलं असतं. हे नातं डॉक्टरांच्या ध्यानात आलं तेही १९७० च्या दशकाच्या अखेरीस. म्हणून १९८१ मध्ये ज्यांनी ती प्लेट पाहिली त्यांच्यावर मी राग धरत नाही. ती कणी दिसली असती तरी कदाचित कुणी मनावर घेतली नसती. माझा राग आहे तो पुढच्या महिन्यांबद्दल. तो माणूस तीनदा पडला आणि एकदाही कुणी त्याचा गुडघा हातात घेतला नाही.

संध्याकाळी घरी आले तेव्हा आप्पा खिडकीत बसले होते. मी प्लेट काचेवर धरली आणि पेनाच्या टोकाने ती जागा दाखवली. त्यांना दिसेना. चष्मा पुसून दिला. मग दिसली. त्यांनी पेन बाजूला सारलं आणि स्वतःचं बोट तिथे ठेवलं, बराच वेळ.

भाचीचं ऑपरेशन होऊन आता पाच महिने झाले. फिजिओने दिलेले व्यायाम ती आमच्याच गॅलरीत करते, आप्पा मोजतात. ती प्लेट त्यांनी परत ट्रंकेत ठेवू दिली नाही. खिडकीच्या गजाला चिमट्याने लावलीय. परवा त्यांच्या जुन्या संघातले एक काका काठी टेकत आले, चहा झाला, आणि आप्पांनी त्यांना खिडकीपाशी नेलं.

‘इथे बघ,’ ते म्हणत होते. ‘नाही, वर नाही. बाहेरच्या अंगाला. दिसला?’